दोन टेबलांवरची नदी

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं! नदी मी करणार.

तसं मला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी ह्यांच्या मॉडेल रेल्वे क्लबचे सेक्रेटरी आले होते. दातांचे डॉक्टर आहेत, दवाखाना बंद केला तरी बोलताना समोरच्याच्या तोंडात बघायची सवय गेलेली नाही. ह्यांची छोटी रेल्वे क्लबच्या हॉलमध्ये कायमची मांडायला ते तयार आहेत. अट एकच — अर्धवट चालणार नाही. डोंगर आहे, बोगदा आहे, स्टेशन आहे, स्टेशनावर पेपर वाचणारा माणूससुद्धा आहे. आणि पुलाखाली? नागडं प्लायवूड! इतकी वर्षं गाड्या ऐटीत पूल ओलांडताहेत, खाली लाकूड.

हे म्हणाले, हात थरथरतो, ब्रश धरवत नाही, नदी राहू दे. सेक्रेटरी म्हणाले, राहू दे कशी? मग दोघं एकमेकांकडे बघत बसले. मी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हटलं, मी करते. जन्मभर पार्लर चालवलं, ज्यांना गालफडं नव्हती त्यांना काढून दाखवली, एक नदी नाही जमणार?

दोघांनी असं पाहिलं की जणू मी इंजीन हाकायला मागितलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आता ह्या नदीची घाई का, ते एकदा लिहून ठेवते. आम्ही हे घर सोडतोय. मुलाकडे राहायला जायचं. ठरवलं मीच. जिने चढताना माझे गुडघे कुरकुर करतात, ह्यांच्या हाताचं हे असं, आणि मुलगा किती वर्षं मागे लागलाय. तळमजल्यावरची खोली रंगवून ठेवलीय त्याने. सूनबाईने पडद्यांचे फोटो पाठवले, कुठला लावू म्हणून. मी तर मनाने कधीच तिथे जाऊन पोचलेय!

ह्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "तू म्हणशील तसं." भिंतीला रंग कुठला, मुलाला शाळा कुठली, सगळ्याला हेच. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच.

फक्त रेल्वे तिकडे मावत नाही. म्हणून ती क्लबला. १ मार्चला ते लोक न्यायला येणार, त्यानंतरच्या सोमवारी दलाल भाडेकरूंना घेऊन सही करायला येणार. तोवर पाणी वाहायला हवं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मागच्या खोलीत दिवसभर होते. ह्या घरात इतकी वर्षं राहून मी तिथे धड बसले नव्हते कधी. झाडायलाही बंदी — म्हणे धूळ उडते, रुळांवर बसते. दारातूनच "जेवायला चला" ओरडायचं आणि निघायचं.

आतून काय सुरेख आहे! फर्निचरचा कारखाना चालवलेला माणूस, त्याचं काम कळतं. तीन टेबलं आहेत म्हणे, खालून बोल्टने आवळलेली, पण वरून एकसंध जमीन दिसते. ह्यांच्या कपाटांचंही तसंच होतं. गिऱ्हाईक नखाने जोड शोधायचं आणि हे मिशीत हसायचे.

मला एक उंच स्टूल दिलं. स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. देखरेख!

६ फेब्रुवारी, गुरुवार

निळा रंग आणला. पहिली चूक.

"पाणी निळं नसतं," कोपऱ्यातून आवाज. म्हटलं, मग काय असतं? तर म्हणाले, बघून ये. बाई निघाली नदी बघायला! पुलावर उभी राहून खाली वाकून बघितलं. शेजारी एक जण काळजीने थांबला — काकू, सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक आहे हो, रंग बघतेय. तो अजूनच जवळ उभा राहिला.

खरंच निळं नव्हतं. कडेला चहासारखं, मग शेवाळी, मध्ये जवळजवळ काळं. निळं होतं ते वरचं आभाळ.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गंमत कळली! खोली खोदायची नाही, रंगवायची. तळ सगळा जेमतेम बोटाच्या पेराएवढा खोल. पण काठाला फिकट वाळूचा रंग, आत आत गडद करत गेलं की मध्ये डोह तयार. अहो, हे तर मी रोज करत होते! नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद, मध्ये फिकट, की बसकं नाक वर येतं. इथे उलटं, एवढंच. मेकअपचा स्पंज घेतला आणि एक रंग दुसऱ्यात असा विरघळवला की सीमारेषा सापडू नये.

हे उठून आले. चष्मा वर केला, खाली केला. "बोट घातलं तर बुडेल असं वाटतंय." एवढंच बोलले. मी दिवसभर गाणी म्हणत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

काठावर चाळलेली माती, बारीक खडे, मेलेल्या रोपाच्या मुळ्या — त्यांचे झाले वाहून आलेले ओंडके. पातळ डिंकाने सगळं पक्कं केलं. ड्रॉपर पार्लरमधलाच.

डोहाच्या जागी एक बारीक सरळ भेग होती, काठापासून काठापर्यंत. रंगवताना दिसली नव्हती, वाळल्यावर उमटली. कपाळावर फाउंडेशनला तडे जातात तशी. म्हटलं, इथून सगळं पाणी गळेल. प्लास्टर भरून बुजवली, घासली, वरून पुन्हा रंग. आता शोधून दाखवा! ह्यांनी प्लास्टर कालवून वाटी हातात दिली. हात थरथरत होता, पण गुठळी एकही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज काहीच नाही. वाळू दिलं. दोघं पत्ते खेळलो. मी जिंकले, हे म्हणतात मुद्दाम हरलो. खोटं!

१२ फेब्रुवारी, बुधवार

खऱ्या पाण्याची तयारी. दोन बाटल्या असतात — रेझिन आणि त्याला घट्ट करणारं दुसरं. समसमान मिसळायचं, हळूहळू ढवळायचं. मी आपली सवयीने केसांच्या डायसारखं फेटलं. झाला की सोडा वॉटर! बुडबुडेच बुडबुडे.

बरं झालं, मी साबणदाणीत करून बघत होते. आधी साबणदाणीत करून बघ, ही ह्यांचीच अट. आता आमच्या बाथरूममध्ये फेसाळ तळं आहे. साबण त्यावर राहत नाही, घसरून बादलीत पडतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाणसळ लावून टेबलं बघितली. बुडबुडा मध्यावर येईना. जरा उतार असला तर नदी एका काठावर चढून बसेल, हे म्हणाले. मग एका पायाखाली पुठ्ठा सरकवला. पुन्हा बघितलं. पुन्हा पुठ्ठा. मी वैतागून म्हटलं, नद्यांना उतार असतोच की! तर म्हणाले, नद्यांना असतो, रेझिनला नसतो. हा माणूस कामाच्या वेळी किती बोलतो! घरात तोंडात गुळणी धरल्यासारखा असतो आणि इथे मास्तर.

नदी टेबलाच्या कडेला जिथे संपते तिथे चिकटपट्टीचा बांध घातला. पट्टी मी वाकडी लावली, ह्यांनी काढायला लावली, मी परत लावली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला थर ओतला!! श्वास धरून. मध्ये ओतायचं, काठाकडे आपलं आपण जातं. जिथे जात नाही तिथे काडीने बोलवायचं. वरून हेअर ड्रायर, अगदी मंद, लांबून — बुडबुडे वर येतात आणि टचकन फुटतात. वर पुठ्ठ्याचं झाकण, धूळ नको म्हणून.

मध्येच नजर गेली तर हे बघत होते. पाण्याकडे नाही, माझ्याकडे. म्हटलं, काय चुकलं? म्हणाले, काही नाही, ओत तू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माशी बुडाली. डोहाच्या मधोमध, पाय वर. झाकण सकाळी उघडलं तेव्हा तिचं सगळं उरकलं होतं. चिमट्याने निघेना, घट्ट. मी रडकुंडीला आले. ह्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, आपल्या रेल्वेच्या मानाने केवढी मोठी आहे, स्टेशनावरचे लोक घाबरतील. हसू आवरेना. शेवटी सुईने उकरून काढली. खड्डा पुढच्या थरात भरेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा थर. मुलाचा फोन आला तेव्हा मी टेबलावर पालथी पडून नदीत फुंकर मारत होते. आई, काय करतेयस? म्हटलं, बुडबुडे. तो मग म्हणाला, बाबा ठीक आहेत ना? म्हटलं, तुझे बाबा इतके ठीक मी कित्येक दिवसांत पाहिलेले नाहीत.

खरंच. हल्ली सकाळी माझ्याआधी उठून चहा करतात. अर्धा बशीत सांडतो. पण करतात. आणि मग खोलीतून हाक — येतेस ना?

सुनेने विचारलंय, कपाट एक पुरेल की दोन. उद्या कळवते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लाटा. वरून जेलसारखं पारदर्शक काहीतरी लावायचं, ब्रशने टोचून टोचून उठवायचं. नखांवर जेल लावणारीला हे काय अवघड? पुलाच्या खांबांपाशी पाणी फुटतं तिथे सुंदर बाणासारख्या लाटा काढल्या. कौतुकाची वाट बघत बसले.

कोपऱ्यातून — "तुझी नदी डोंगर चढतेय."

बाण उलटे! पाणी डोंगराकडून येतं, खांबावर फुटतं आणि खाली पसरत जातं. मी काढलं होतं समुद्राकडून डोंगराकडे निघालेलं पाणी. एवढं हसले हे की खोकला लागला, पाणी आणून द्यावं लागलं. मग ओल्या फडक्याने सगळं पुसून परत. बारीकसारीक काही सुटत नाही ह्या माणसाच्या नजरेतून. खडा उलटा ठेवला तरी कळतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धबधबा. प्लास्टिकच्या कागदावर सिलिकॉनचे धागे ओढायचे, एकाला एक लागून, वाळले की सोलून काढायचे आणि कड्यावरून लोंबते सोडायचे. पहिला झाला दाढीसारखा. दुसरा झाला पार्लरमधल्या शेवटच्या ग्राहकाच्या केसांसारखा — विरळ. तिसरा जमला. टोकांना पांढरा रंग नुसता टेकवला, की फेस.

कपाट दोन म्हणून कळवलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

झाली! नदी झाली!

हे म्हणाले, थांब, आधी गाडी येऊ दे. खिडकीचा पडदा अर्धा ओढला, बटण फिरवलं. बोगद्यातून मालगाडी आली, पुलावर चढली — आणि खाली पाण्यात दुसरी गाडी उलटी धावली! डब्यान् डबा. मी ओरडलेच. ह्यांनी गाडी उलटी आणली, परत नेली, परत आणली. किती वेळा कोण जाणे. मी स्टुलावर आणि हे उभे, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं, त्यांनी तो काढूच नये.

हे लिहायला कुणाची चोरी? मला ह्या माणसाबरोबर इतकी मजा आली नव्हती बरीच वर्षं. आम्ही भांडत नव्हतो, हे खरं. पण बोलत तरी कुठे होतो? ह्यांची एक खोली, माझं पार्लर. आणि आता कुठे गट्टी जमली तर खोलीच चालली.

असो. मुलाकडे काहीतरी दुसरं काढू. काही तरी निघेलच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

खोकी आणली. भांडी बांधायला घेतली. दलाल भाडेकरू नवराबायकोला घेऊन घर दाखवायला आला होता. त्यांना मागची खोली फार आवडली. बाई म्हणाल्या, हे टेबल इथेच राहणार का? हे ताडकन उठून आत गेले. म्हटलं, नाही नाही, शनिवारी जातंय.

रात्री जेवताना विचारलं, तुम्हाला वाईट वाटतंय का? म्हणाले, "कशाचं? तू म्हणशील तसं." मी पुढे विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर काय करणार होते?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या येणार. इंजिनं, डबे सगळे कापसात गुंडाळले. ह्यांनी हात लावला नाही. मीच गुंडाळले, हे बघत बसले.

१ मार्च, शनिवार

अब्रू गेली!

सकाळी सेक्रेटरी तिघांना घेऊन आले. नदी बघून दातांचे डॉक्टर स्वतःच तोंड वासून उभे. मग एक जण टेबलाखाली शिरला, बोल्ट काढले. चला, ओढा. ओढलं तर पहिलं टेबल सुटून आलं. बाकीची दोन हलेनात. पुन्हा बोल्ट बघितले — सगळे निघालेले. दोघं इकडून, दोघं तिकडून. टेबलं एकत्र सरकली पण वेगळी होईनात.

सेक्रेटरी वाकून डोहात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, वहिनी, पाणी जोडावरून नेलंत तुम्ही.

ती भेग! ती भेग नव्हतीच. दोन टेबलांचा जोड होता तो, मुद्दाम सोडलेला. त्या लोकांना तर पाढ्यांसारखं पाठ असतं हे — नदी जोडापाशी तोडायची, दोन्हीकडे पट्टीचा बांध घालून वेगवेगळं ओतायचं, मग टेबलं जवळ आणली की पुलाच्या सावलीत रेघ दिसतही नाही. आणि मी शहाणीने प्लास्टरने लिंपून वर तीन थर ओतले. दोन टेबलांचं एक करून ठेवलं, आणि ते एक काही ह्या दारातून जात नाही. आडवं, उभं, तिरकं, सगळं करून झालं. बोळात वळतच नाही.

सेक्रेटरी म्हणाले, उपाय आहे. बारीक पात्याची करवत, नदी मधोमध कापायची, हॉलमध्ये नेऊन परत ओतायची. उद्या सकाळी घेऊन येतो. इतकं सहज म्हणाले की जणू दाढ काढायची आहे. हे खिडकीबाहेर बघत होते.

दुपारी मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आई, एवढं काय, कापा आणि या, आम्ही वाट बघतोय. बरोबरच आहे त्याचं. फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. माझी नदी! आणि चूकही माझीच, कुणावर चिडायचं?

संध्याकाळी ह्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, चुकले हो मी. म्हणाले, "तू नाही चुकलीस." मला वाटलं समजूत घालताहेत. अंथरुणात पडल्यावर एकदम डोक्यात आलं. लाट उलटी झालेली दिसली ह्यांना. पट्टी केसभर वाकडी झालेली दिसली. आणि आपल्याच हाताने घातलेला जोड दिसला नाही?

२ मार्च, रविवार

विचारलंच. चहा पुढ्यात ठेवून सरळ विचारलं — मी प्लास्टर भरत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?

"होतं."

मग वाटी का दिलीत हातात?

कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला जायचं नाहीये."

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला हवं-नको असं पहिल्यांदा सांगितलं. मला अजून जायचं आहे. मुलाजवळ राहायचं आहे. आणि तरी मी उठून फक्त एवढंच विचारलं की आणखी चहा घेणार का.

खाली गाडी थांबली, बेल वाजतेय. सेक्रेटरींना करवत परत घेऊन जायला सांगते. मुलाला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.